गजराबाईचं माहेर

विसरवाडीचा रस्ता धरला आणि चुडामणच्या वहाणेचा अंगठा तुटला. त्यानं दोन्ही वहाणा काखेत मारल्या. सांधून घ्यायचीही उमेद नव्हती. ही एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. आखाजी, म्हणजे लेकीबाळींना माहेरचं लुगडं मिळायची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, ऊन असं की कावळासुद्धा बाभळीखाली चोच उघडून बसलेला, आणि हा गडी तापीकाठची गावं पालथी घालून रिकाम्या हातानं घरी चाललेला.

कारण त्याची माय, गजराबाई. म्हातारी माघापासून अंथरुणाला खिळलेली. कुणावर राग नाही, कशाची हाव नाही. एकच घोर होता. आपल्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि तिचं तर माहेरच हरवलं होतं. तिच्या लग्नानंतर लगेच, अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळात तापीकाठची माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. सासरची मंडळी विसरवाडीला आली. माहेरची कुठं गेली, कुणालाच कळलं नाही. धाकट्या भावाचं नाव रूपचंद, एवढीच खूण उरली होती.

आता तापीकाठी रूपचंदांना काय तोटा? एका गावात चुडामणनं रूपचंदचं घर विचारलं, तर पारावरचे म्हणाले, "कोन्ता? लंगडा, बहिरा, का बायकोले भ्यास तो?" तिघांपैकी एकही मामा निघाला नाही.

शहाद्याच्या अलीकडच्या खेड्यात मात्र एक रूपचंद भेटला. निंबाखाली सुतळी वळत बसलेला म्हातारा. त्यानं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

"तुम्हले बहीण व्हती का?" चुडामणनं विचारलं.

"व्हती ना. तिन्हं लगीन व्हयनं तवय मी कडेवर व्हतू. कोनता गावले दिन्ही, याद नही. माय-बाप दुस्कायमा गयात, सांगनारं कोनी उरनं नही."

चुडामण पुढं सरकला. "नाव गजरा व्हतं का?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नही भो. आमना घरमा गजरा कोनीच नव्हती."

तो पुन्हा सुतळी वळायला लागला. निघताना रूपचंद म्हणाला, "तुन्ही मायले रामराम सांगजो."

घरी पोचला तेव्हा बायकोनं, धनुबाईनं, पाय धुवायला पाणी ठेवलं. त्याच्या तोंडावरच सगळं दिसत होतं. तो मायच्या खाटेशी टेकला. थकलेल्या आवाजात एकेक रूपचंद सांगत गेला, शेवटी तो सुतळीवालाही.

म्हातारीनं डोळे न उघडताच विचारलं, "त्यानी बहीणनं नाव काय व्हतं?"

"मी इचारंच नही. गजरा नही म्हने, तवय मी उठी उनू."

म्हातारीच्या बोळक्या तोंडावर हसू आलं. "गजरा नाव तर तुन्हा आजानी मांडवमा ठेवं. माहेरमा माले झिपरी म्हनेत. आधीना पोऱ्या जगनात नही म्हनीसन असं वंगाळ नाव."

चुडामण डोकं धरून बसला. लग्नात सुनेचं नाव बदलतात, हे त्याला काय नवीन होतं? पण आईला गजराबाईच्या आधी दुसरं काही नाव असेल, हे डोक्यातच आलं नाही.

"माय, इतला दिन सांगं का बरं नही?"

"कोनी इचारं का? आनि तू गजरा म्हनीसन इचारी ऱ्हायना, हाई माले काय ठाऊक?"

पुन्हा तेवढीच वाट तुडवायची होती. धनुबाई त्याच्या वहाणेचा अंगठा दोरीनं बांधत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुन्हं माहेरनं नाव काय व्हतं वं?"

"आते इचारस?" तिनं वहाण त्याच्यापुढे सरकवली. "पहिले मामाले लई ये."

आखाजीच्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. रूपचंद काठी टेकत उतरला, उंबऱ्यापाशी अडखळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "झिपरे."

पन्नासच्या वर वर्षांनी त्या नावानं हाक आली होती. म्हातारीनं डोळे उघडले. मग रूपचंदनं कोरं लुगडं तिच्या हाताखाली ठेवलं.

"हाई आखाजीनं शे, बहीण. दुसरं मंग लई येसू."

म्हातारीनं लुगड्यावरून बोटं फिरवली. "दुसरं नको आनू, भाऊ. वाट लांब शे, तू बी थकना. हाईच दोन्हीसनं समज."