आमचे व्याही डिक्लेअर करतात

विमान चुकलं म्हणून हळहळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण कधीच न चुकलेल्या विमानाच्या धसक्याने जन्मभर घामाघूम होत आलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. ते राहतात क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये, आणि मी वेलिंग्टनला. मधलं विमान तासाभराचंही नाही. पण संध्याकाळी आमच्याकडे यायचं असलं की व्याही सकाळीच अंघोळ उरकून, बूट चढवून सोफ्याच्या कडेवर बसतात. चहा अर्धाच पितात, कारण 'नेमकं मी आत असताना टॅक्सी यायची.' बरोबर जे कोणी असतील त्या सगळ्यांचे पासपोर्ट ते स्वतःच्या गळ्यात घालतात. त्यासाठी विहीणबाईंनी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून दिली आहे. ती शर्टाच्या आत असते आणि व्याह्यांचा हात दर दोन मिनिटांनी छातीवर जातो. एकदा विमानात शेजारी बसलेल्या नर्सबाईंनी घाबरून त्यांची नाडी पाहिली होती. 'नाडी जोरात चालली आहे,' असं त्या म्हणाल्या, तेव्हा व्याही म्हणाले, "विमानतळावर ती अशीच चालते."

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला परदेशातून येताना खाण्याची वस्तू विमानतळावर डिक्लेअर करायची, म्हणजे आपणहून सांगून दाखवायची, सवय लागतेच. गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू, सगळं त्या तपासनिसांपुढे मांडून आपण शहाण्या मुलासारखे उभे राहतो. पण आमच्या व्याह्यांना या डिक्लेअर करण्याचं व्यसन जडलं आहे. फार पूर्वी विमानात मिळालेलं एक सफरचंद त्यांच्या पिशवीत विसरून राहिलं आणि वास घेणारं सरकारी कुत्रं त्यांच्यापाशी येऊन बसलं. "भुंकलं असतं तरी चाललं असतं हो," ते अजून सांगतात, "पण ते नुसतं बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं." तेव्हापासून ते प्रवासाच्या आदल्या दिवशी जुन्या टूथब्रशने बुटांचे तळ घासतात, कारण परक्या देशाची मातीही आणायची नसते. आमच्या घरी आले तरी दारातच पिशवी उघडून, माओरीत नमस्कार करत म्हणतात, "किया ओरा! आधीच सांगतो, आत फणसपोळी आहे."

असा हा माणूस ग्रीसच्या एका बेटावर येऊन पडला तो आमच्या मुलांच्या प्रेमामुळे. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी लंडनला नोकरी करतात. त्यांनी सुट्टीत बेटावर घर घेतलं आणि दोन्हीकडच्या आईवडलांना बोलावलं. विहीणबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्यांचा गुडघा पार गेलेला, सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी त्या केव्हाच्या रांगेत होत्या. निघताना त्यांनी नवऱ्याला एकच सांगितलं होतं, "मला तिथल्या समुद्रातले दगड आणा. पाय भिजवायला नाही मिळाले तर निदान हातात तरी धरीन." आणि आम्ही पोचून स्थिरावतोय तोच त्यांचा फोन आला. कोणाची तरी जागा रिकामी झाली होती आणि ऑपरेशन याच आठवड्यात ठरलं होतं. "तुम्ही मजा करा, मी घेते करून," असं त्या म्हणाल्या. व्याह्यांनी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. "तिला भुलीची फार भीती वाटते," ते मला म्हणाले. "डोळे मिटायच्या आधी तिला मी दिसलो पाहिजे." त्यांना एकटं पाठवायची कोणाचीच छाती होईना, म्हणून बायकोला मुलांकडे ठेवून मी त्यांच्याबरोबर निघालो.

बेटावरून अथेन्सला दिवसाला एकच विमान. ते चुकलं की पुढचं मोठं विमान चुकणार, आणि ते चुकलं की विहीणबाई एकट्या आत जाणार. त्यामुळे आम्ही चार तास आधी विमानतळावर पोचलो, आणि विमानतळ बंद होता! खरं म्हणजे त्याला विमानतळ म्हणणंही जिवावर येतं. तालुक्याच्या एस.टी. स्टँडएवढी पांढरी इमारत, दाराला कुलूप आणि पायरीवर झोपलेलं एक मांजर. "रद्द झालं वाटतं," व्याही म्हणाले. मी म्हटलं, अहो, इथे विमानाच्या वेळेलाच उघडत असतील. पण त्यांचं लक्ष धावपट्टीवरच्या वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे होतं. ती आडवी फडफडत होती. "वेलिंग्टनच्या वाऱ्यात उतरतात हो," मी म्हणालो. "ते वेलिंग्टनचे पायलट," ते म्हणाले आणि त्यांचा हात छातीवर गेला. त्यांच्याबरोबर तासभर बसलं की धडधाकट माणसाला धडकी भरते.

दार उघडलं तेव्हा रांगेत आम्ही पहिले होतो. पण बघता बघता कुठूनशा बसेस आल्या, तीन विमानांची माणसं त्या एका खोलीत शिरली, रांग दाराबाहेर उन्हात गेली. फळ्यावर आमच्या विमानाचं नाव नव्हतं आणि घोषणा होत होत्या त्या ग्रीकमधून. काउंटरवर एकच बाई. तिने आम्हाला हाताने बोलावलं आणि त्याच क्षणी व्याह्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे एक उन्हाने विटलेलं पोस्टर होतं. त्यावर किनाऱ्यावरच्या दगडांचं चित्र आणि त्यावर लाल फुली, म्हणजे दगड न्यायला बंदी.

"माझ्याकडे आहेत, हिच्यासाठी उचललेले," व्याही पांढरेफटक पडून म्हणाले. मी कानात सांगितलं, हळूच कचऱ्याच्या डब्यात टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला ते कुत्रंच आठवलं. "न सांगता?" एवढंच म्हणून ते डिक्लेअर करायची जागा शोधायला गर्दीत घुसले. त्यांच्या गळ्यात माझाही पासपोर्ट! मी काउंटरपुढे नुसता हात हलवत उभा. बाई म्हणाली, बाजूला व्हा. मग एक कुटुंब पुढे गेलं, मग दहा कुटुंबं, मग सगळी रांग. गर्दीपलीकडे व्याही मला मधून मधून दिसत होते. कॉफी पिणाऱ्या पोलिसाला काही विचारत होते, तो खांदे उडवत होता. मग ते बाथरूमचं दार उघडून बघत होते. त्या वेळी मला त्यांचा जो राग आला तसा मला सख्ख्या भावाचाही कधी आला नाही.

ते परत आले तेव्हा बाई काउंटर आवरत होती. "बंद झालं," ती म्हणाली. मी गयावया करायला तोंड उघडलं, तेवढ्यात व्याह्यांनी रुमाल सोडून तीन पांढरे दगड काउंटरवर ठेवले. "मॅडम, आय वॉन्ट टू डिक्लेअर," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

बाईने दगड पाहिले, मग त्यांच्या घामाघूम चेहऱ्याकडे पाहिलं. "सगळे खिशात घालून नेतात," ती इंग्रजीत म्हणाली. "मला कोणी आणून देत नाही. कोणासाठी हे?"

"वाइफ," व्याही म्हणाले. पुढे त्यांना इंग्रजी सुचेना. त्यांनी आपल्याच गुडघ्यावर हात ठेवला, मग डोळे मिटून मान एका बाजूला टाकली, आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

बाईने फोन उचलून ग्रीकमध्ये कोणाला तरी दरडावलं, आमच्या बॅगांना पट्ट्या लावल्या आणि दगड मागच्या खिडकीत नीट ओळीने मांडले. "हे इथे राहतील," ती म्हणाली. "पाय बरा झाला की तिला घेऊन या. तिच्याच हाताने आपण ते समुद्रात टाकू. आता पळा!" आम्ही पळालो. विमानाच्या दारात पासपोर्ट बघायलाही तीच उभी होती, आमच्याआधी पोचून.

ऑकलंडला तपासनिसापुढे व्याह्यांनी रिकामी पिशवी उघडून सांगितलं, की माझ्याकडे तीन दगड होते, ते मी ग्रीसमध्ये ठेवून आलोय. त्या तरुणाने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. तिथून व्याही पुढच्या विमानाने क्राइस्टचर्चला गेले. विहीणबाईंनी मला नंतर सांगितलं, की त्यांना आत नेत होते तेव्हा हे चुरगळलेल्या कपड्यांत धावत आले आणि हात धरून पहिलं वाक्य बोलले ते असं: "तुझे दगड खिडकीत आहेत." भुलीचं औषध द्यायच्या आधीच आपल्याला भूल चढली असं त्यांना वाटलं.

गुडघा छान झाला. विहीणबाई आता पार्कात भराभर चालतात आणि व्याही पाण्याची बाटली घेऊन मागे राहतात. दर वर्षी बेटावर जायचं ठरायचं आणि राहायचं. मग गेल्या महिन्यात डॉक्टरांनी व्याह्यांनाच लांबचा विमानप्रवास बंद केला. इतकी वर्षं उगाच छातीवर जाणारा हात आता खरंच कारणाने जातो. परवा त्यांचा फोन आला. "ते दगड असतील का हो अजून?" मी म्हटलं, असणारच. "मग हिला तुम्ही दोघं घेऊन जाल का? ती नाही म्हणतेय, पण मी पटवीन." मग पुढे म्हणाले, "फक्त पासपोर्ट कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न आहे."

"ती पिशवी पाठवून द्या," मी म्हणालो. "मी घालीन गळ्यात."

मग व्याही म्हणाले, "चार तास आधी निघा."