अंगाला बेतलेलं घर

काजबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं हातानं काजं करत आली, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. मशीनचं काज आणि तिचं काज शेजारी ठेवलं तर डोळे मिटूनही बोटाला फरक कळायचा, आणि याचा तिला भारी तोरा! मग एका सकाळी झटका आला आणि डावं अंग गेलं. हात लुळा पडला, पाय फरफटत चालायचा. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात एकटीच.

थोरली बहीण दुसऱ्या गावाहून धावत आली. ताईची माया काय सांगावी! काजबाईनं पेल्याकडे हात नेला की, "राहू दे गं, मी देते." कंगवा उचलला की, "राहू दे." दाराची कडी? "राहू दे, राहू दे!" खोटं कशाला बोला, पहिले पंधरा दिवस काजबाईला ते बरंही वाटलं. पण दोन महिन्यांत तिचा धडधाकट उजवा हातसुद्धा ऐदी व्हायला लागला.

मग एक दिवस ताईनं जाहीर केलं, "महिनाअखेरीला माझ्या घरी जायचं. तुझी खोली तयार आहे. हे घर देऊन टाकू भाड्यानं."

"मी येते असं कधी म्हटलं?"

"अगं, एकटी काय करशील? पडलीस म्हणजे?"

काजबाई दोनदा पडली होती आणि दोन्ही वेळा ताईनंच उचललं होतं. पण इथं तिचं मशीन होतं, गिऱ्हाइकं होती, स्वतःचं दार होतं. ते सोडून ताईच्या खिडकीत बसायचं आणि हाक मारली की जेवायचं? छे!

बाई मुळात शिवणाची. कपडा ढगळ झाला तर कुणी फेकून देतं का? अंगाला बेतून घेतात. घरालाही तोच न्याय, म्हणून तिनं मापाची पट्टी गळ्यात टाकली. ताई दुपारी लवंडली की ही घरभर मापं घ्यायची. स्टुलावर बसून हात कुठवर पोचतो, भिंत धरून उभं राहिलं तर कुठवर. एकदा तर चक्क जमिनीवर आडवी पडून माप घेतलं, आणि "व्यायाम करतेय" अशी थाप मारून ताईकडूनच उठवून घेतलं. भिंतीवर शिवणाच्या खडूनं खुणा केल्या. रेघ म्हणजे दांडी, फुली म्हणजे कडी खाली आणायची.

मग सुताराला बोलावलं. तो यायच्या दिवशी उठून बघते तर भिंती लख्ख! ताईनं पहाटेच ओलं फडकं फिरवलं होतं. "केवढे डाग पडले होते गं. घर भाड्यानं बघायला येणारा माणूस काय म्हणेल?"

काजबाईचा तोल सुटला. पायांचा नव्हे, जिभेचा. "ताई, तुझं ते 'राहू दे, राहू दे' एकदाचं बंद कर आणि मला इथं राहू दे!"

ताईचा चेहरा एवढासा झाला. "मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर दोन महिने गप्प बसले."

सुतार दारातच उभा होता. "मी उद्या येऊ का?"

"आत ये. पट्टीचं टोक धर."

सगळी मापं पुन्हा घेतली. सुतारालाही अक्कल पाजळायची हौस. "मावशी, दांड्या छातीइतक्या उंचीवर लावतात."

"कुणाच्या छातीइतक्या? तुझ्या? तू सदरा शिवायला आलास तर मी माझं माप घेऊ का?"

त्यानंतर त्यानं मुकाट्यानं काम केलं. आठ दिवसांत नळांना लांब दांडे बसले, कोपरानं ढकलले की पाणी येईल असे. चिरायच्या फळीतून दोन खिळे टोकं वर करून ठोकले. बटाटा त्यांवर खुपसला की हलत नाही, एका हातानं खुशाल चिरावा. मशीनचं पायडल उजव्या पायाखाली सरकलं. स्वतःच्या कपड्यांना तिनं वरून नुसती दिखाऊ बटणं आणि आतून वेल्क्रो लावलं. आयुष्यभर काजं केली आणि शेवटी काजालाच फसवलं, म्हणून एकटीच खुदुखुदु हसली. पलंगाजवळच्या भिंतीला एकाखाली एक तीन दांड्या लावल्या आणि त्यांच्या बाजूला एक बुटका, एक उंच असे दोन ठोकळे जमिनीत पक्के केले. ते कशाला, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

ताईनं दोघींच्या बॅगा भरायला घेतल्या, त्या दिवशी काजबाईनं तिला खुर्चीत बसवलं. "हात मांडीखाली घे आणि तोंडातून शब्द काढू नकोस. पडले तर काय, विचारलंस ना? बघ."

आणि पलंगाजवळची वरची दांडी सोडून ती सतरंजीवर धप्पकन पडली.

"अगं बाई गं!" ताई अर्धी उठली.

"बस खाली!" जमिनीवरून हुकूम सुटला. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते हेच!

पहिल्यांदा खालच्या दांडीवरून हात सुटला. दुसऱ्यांदा बुटक्या ठोकळ्यापर्यंत पोचली आणि बूड घसरलं. ताईच्या डोळ्यांना धार लागली. "पुरे गं, मी हरले."

"तू हरून मला काय मिळणार? मला उठायचंय."

तिसऱ्यांदा उजव्या कुशीवर वळली, खालची दांडी धरून बसती झाली, मग बुटका ठोकळा, मधली दांडी, उंच ठोकळा, वरची दांडी. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. केस सुटलेले, तोंड लालबुंद, आणि काजबाई आपल्या पायांवर उभी! आनंदानं तिला हसूही आवरेना आणि रडूही.

ताई खुर्चीतून उतरली. "ती खालची दांडी धरलीस कशी, दाखव बघू," म्हणत सतरंजीवर बसली. बसली ती बसलीच. गुडघे हलेनात. मदतीसाठी तिनं हात वर केला. काजबाईनं आपला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"हात मिळणार नाही. उजवीकडे वळ. धर दांडी. आता बूड ठोकळ्यावर."

कण्हत, बहिणीच्या नावानं बोटं मोडत ताई उठली. वरची दांडी घट्ट धरून उभी राहिली.

"दोन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "घरी मी जमिनीवर बसलेच नाही. उठता आलं नाही तर, म्हणून. कुणाला बोलले नाही गं."

ताईनं पदरानं नाक पुसलं.

"उद्या मी एकटीच जाते," ती म्हणाली. "त्या सुताराचा नंबर तेवढा लिहून दे."