वाडीच्या संमतीचे कागद

सन १९९९. मला पन्नासावं लागलं होतं, महाडला हवालदार होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. पण निम्मं आयुष्य पंचनामे लिहिण्यात गेलं, त्यामुळे कागद कसा ओळखायचा ते मला कोणी शिकवू नये. तरी त्या वर्षी दोन बायामाणसांनी मला शिकवलंच. विसरू म्हटलं तरी ते विसरता येत नाही.

सकाळची हजेरी संपते तोच एक प्राध्यापक ठाण्यात आले. एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचे, नाव लिहीत नाही. शिवथरकडच्या एका आदिवासी वाडीत त्यांचं रक्ताच्या आजारावर संशोधन चालू होतं. त्यांची विद्यार्थिनी संशोधनाचे कागद चोरून पळाली, अशी तक्रार. "गुन्हा दाखल करा. अशा मुलीला विद्यापीठात जागा नाही," म्हणाले. चोरीचा गुन्हा नावावर पडला की पोरीची डॉक्टरेट तर गेलीच, पुढे नोकरीसाठीही तिला दारात कोण उभं करणार?

स्टँडवरच्या रिक्षावाल्यांकडे वर्णन दिलं. तासाभरात एकजण आला. "हवालदारसाहेब, पोरगी वीर स्टेशनला हाय. मीच सोडली. पण पळणाऱ्यातली वाटत नाय. बाकावर बसून कागद वाचतेय."

महिला शिपाई घेऊन गेलो. पोरीने पिशवी स्वतःच पुढे केली. "काका, मोजून घ्या. चाळीस आहेत. आणि मला पावती द्या."

अटकेच्या दारात उभी आणि पोलिसाकडे पावती मागते! राग आला. पण तिचं बरोबर होतं. जप्तीचा पंचनामा करून प्रत दिली.

ठाण्यात विचारपूस केली. दोन वर्षं ती सरांच्या हाताखाली. वाडीत रक्ताचे नमुने घ्यायचे, शहरात परतलं की सरांच्या घरचा बाजार आणायचा, त्यांच्या मुलीला शिकवणीला सोडायचं. ते सगळं तिने केलं.

"मग आताच काय बिघडलं?" मी दरडावलं.

"रक्त घेण्याआधी माणसाला समजावून त्याची संमती घ्यायची असते, काका. सरांनी घेऊ दिली नाही. आता विद्यापीठाला दाखवायला खोटे कागद केले आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, तुझा प्रबंध कसा पुढे जातो तेच बघतो. म्हणून हे कागद उचलून विद्यापीठात दाखवायला निघाले."

"खोटे कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवाल?"

"मी कोणावरच ठेवत नाय. दाखव."

कागद इंग्रजीत. मला काय कळणार? पण खाली मराठीत नाव-वय आणि अंगठे होते, आणि अंगठा मला वाचता येतो. बायका, बाप्ये, म्हातारे, चाळीस वेगळी नावं; आणि प्रत्येक अंगठ्यावर जुन्या जखमेची तीच एक तिरकी रेघ. भिंगसुद्धा लागलं नाही.

दुपारी जीप काढून वाडीवर गेलो. कागदावर नाव असलेली एक बाई लाकडं फोडत होती. "अंगठा? कुणी दिला? सुई टोचली, बिस्कीटचा पुडा दिला, गेले. रक्तात काय निघालं ते सांगायला पण कोण आला नाय."

"कागद वाचून दाखवला नाही?"

ती हसली. "तुमी तरी कवा दाखवता? शिमग्याच्या मारामारीत माझा अंगठा घेतलात. काय लिवलंत ते तुमाला नि देवाला ठाव."

जीपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मला झोंबलं. मुद्दाम नेहमीसारखाच जबाब लिहिला, अंगठा घेतला आणि वाचून न दाखवता निघालो.

संध्याकाळी प्राध्यापकांना बोलावलं. चहा दिला. जबाबावर सही झाल्यावर शाईचा पॅड पुढे सरकवला. "सर, आता एक अंगठा पण द्या."

"मी शिकलेला माणूस आहे, हवालदार. अंगठा देत नाही."

"मग हे चाळीस कोणी दिले?"

त्यांचा हात टेबलाखाली गेला. मी पॅड आणखी पुढे सरकवला. शेवटी त्यांनी अंगठा टेकवला. तिरकी रेघ उमटली.

चोरीची तक्रार निकालात निघाली, बनावट कागदांची चौकशी लागली. आमच्या साहेबांनी विद्यापीठाला अहवाल धाडला. उत्तर आलं, हा आमचा अंतर्गत विषय आहे. मी हट्टाने पुन्हा पाठवायला लावला. मग विद्यापीठवाले म्हणाले, सुई मुलीनेच टोचली, दोष तिचाही आहे. तिसऱ्या अहवालाला वाडीतल्या बाईचा पूर्ण जबाब जोडला, तेव्हा त्यांची समिती वाडीवर आली, प्रत्येकाला रक्ताचा निकाल मराठीत सांगितला, माफी मागितली. प्राध्यापकांकडून विद्यार्थी काढून घेतले. पोरीला दुसरे मार्गदर्शक मिळाले, आज ती डॉक्टर आहे. ती माझे आभार मानते. खरं तर मीच तिचा ऋणी आहे, आणि त्या बाईचा त्याहून जास्त. कारण पोरीला तारलं ते बाईच्या जबाबातल्या एका वाक्याने, आणि ते वाक्य मी पहिल्या दिवशी लिहिलंच नव्हतं.

प्राध्यापकांच्या अंगठ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच वाडीवर गेलो. बाईपुढे बसून तिचा जबाब मोठ्याने वाचला.

"येवढंच?" ती म्हणाली. "आनि पोरगीचं? ती सांगत होती, सुई नको आसंल तर नाय म्हणा. सायेबानं तिला गप केली. ते कुठं हाय?"

पुरवणी जबाब लिहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. "आता बरोबर हाय," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.