औषधात मोडणारं सरबत

गेल्या वर्षी मी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करत होते. विषय होता सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली स्वयंपाकघरं आणि औषधं. कुणकेश्वरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, घामानं कागदाला हात चिकटत असताना आपण गोऱ्या लोकांच्या थंडीतल्या खोकल्याबद्दल का लिहितोय, असं मला रोज एकदा तरी वाटायचं. पण काम हाती घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यातली सरबतं आवडायला लागली होती.

त्या काळी तिकडे साखर फार लांबून, जहाजानं यायची. किराणा म्हणून नाही, औषध म्हणून. औषधवाला ती तोलून द्यायचा. तिच्या पाकात गुलाब, व्हायोलेटची फुलं, काय काय घालून ते लोक सरबतं करत. पाक झाला की नाही ते नखावर थेंब ठेवून बघत. थेंब पसरला नाही की झाला. ताप आला, छातीत कफ झाला, मन उदास झालं, की चमचाभर सरबत. आणि तोच पाक आचारी उकडलेल्या नासपतीवर ओतून मेजवानीत वाढायचा. औषध कुठे संपतं आणि पक्वान्न कुठे सुरू होतं, याची कोणाला फिकीर नव्हती.

हे सगळं मी सासऱ्यांना वाचून दाखवायचे. ते जन्मभर बोटीवर नोकरी करून आले होते, अर्धं जग बघितलेले. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जवळजवळ गेलेलाच, डाव्यानं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. एकेकाळी किनाऱ्याला लागणारी होडी नुसत्या रंगावरून कोणाची ते सांगणारा माणूस पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला “कोण ता?” म्हणून विचारायचा. मी त्यांना सकाळी पेपर वाचून दाखवायचे. पेपर संपला की दुपारी माझा अनुवाद.

“साखर औषधाच्या दुकानात?” ते म्हणाले. “मगे मीठ काय सोनार इकत होतो?”

डोळ्यांचं ऑपरेशन कधीच व्हायला हवं होतं. होत नव्हतं ते साखरेमुळे. कणकवलीचे डॉक्टर दर वेळी रक्त तपासायला सांगत, रिपोर्ट बघत आणि मान हलवत. “साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम भरणार नाही, असलेली नजरही जाईल. आजोबा, गोड खाता का?”

“नाही,” सासरे शुद्ध मराठीत ठणकावून सांगायचे.

आणि ते खरं होतं. चहातली साखर त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी सोडली. जत्रेतलं खाजं सोडलं. घावनाबरोबरचा नारळाचा गोड रस सोडला. एवढंच काय, देवगड तालुक्यात राहून, स्वतःच्या बागेतल्या हापूसच्या राशी पडवीत पिकत असताना या माणसानं दोन हंगाम आंबा तोंडात घेतला नाही. आम्ही त्यांच्यासमोर खायला लाजायचो, ते म्हणायचे, “खावा गो, माका वासान पोट भरता.” गोळी कधी चुकली नाही. तरी साखर काही हलेना.

मग घरात संशय शिरला. तो आणला माझ्या नवऱ्यानं. त्याचा स्वभावच तसा. पंप बंद पडला तरी आधी कोणी मुद्दाम वायर ओढली का ते बघणार. त्यानं साखरेचा डबा, गूळ, सगळं कपाटात बंद करून किल्ली खिशात टाकली. मला चहा करायचा तर नवऱ्याला बागेतून बोलवा! मी दोनदा भांडले, तिसऱ्यांदा शेजारून वाटीभर साखर आणली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली, तेव्हा हा त्यांच्यासमोरच म्हणाला, “डॉक्टर, लपून खात असतील. म्हातारी माणसं, सांगणार कोण?”

परतीच्या वाटेवर रिक्षात मध्ये मी बसले होते, दोन बाजूंना दोघे. वाटेतला बाजार मागे पडला तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, “मी गोड खाऊक नाय. आणि मी खोटा बोलूक नाय.” त्यानंतर ते मुलाशी बोलायचे बंद झाले. हवं-नको मला सांगत. “त्येका सांग” एवढाच काय तो मुलाचा उल्लेख. मला दोघांचाही राग यायचा. एक डोळा जायच्या वाटेवर, आणि इथे यांचा अबोला.

त्या दिवशी सोमवार होता. सासऱ्यांचा सोमवारचा उपास. बोटीवर असतानाही त्यांनी तो पाळला होता. दुपारी ऊन तापलं होतं, मी टेबलाशी बसून एक परिच्छेद मराठीत बसवत होते. ते भिंतीला हात लावत आत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले.

“माझा औषध दी गो.”

मी उठले, माठातलं पाणी घेतलं, कोकम घातलं, जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. पेला त्यांच्या हातात दिला. त्यांना पित्ताचा जुना त्रास. अंगावर गांधी उठायच्या. सासूबाई होत्या तेव्हापासून दुपारी एक पेला ठरलेला, आणि उपासाच्या दिवशी दोन, कारण रिकाम्या पोटी पित्त जास्त. सासूबाई गेल्यावर कोकम मी करायला लागले, त्यांच्याच पद्धतीनं. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ओली फळं, फोडायचे, आतल्या बिया काढायच्या, लाल सालींच्या वाट्या साखरेनं भरून बरणीत रचायच्या, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची. चूल नाही, पाक नाही. ऊनच सगळं करतं.

“आज काय करत तुझे इंग्रज?” त्यांनी विचारलं.

मी वाचलं. पित्तावर ते लोक व्हिनेगर आणि साखर एकत्र आटवून आंबटगोड सरबत द्यायचे. सासरे खूश झाले. “बरोबर. पित्ताक आंबटच होया.” मी पुढे वाचलं. त्यांच्याकडेही कडक उपास असत. पण साखरेत घोळवलेले मसाले आणि तसली औषधं उपासाला चालत. मोठमोठ्या धर्मपंडितांनी तसा निर्वाळाच दिला होता, की हे काही कोणी पोट भरायला खात नाही, पचनासाठी घेतात. ते औषधात मोडतं.

सासरे पोट धरून हसले. खूप दिवसांनी हसले. “शाणे रे शाणे! गोड खातत आणि देवाक सांगतत औषध म्हणान!”

मीही हसले. मग त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

“गो,” ते म्हणाले, “ह्येच्यात साखर किती असता?”

दर मे महिन्यात मी माझ्या हातानं ती साखर भरत होते. “रातांब्यांच्या दुप्पट,” मी म्हणाले.

त्यांनी पेला चाचपडत टेबलावर ठेवला. माझ्या कागदांवर पाणी सांडलं, ते दोघांनीही पुसलं नाही.

मला ओरडून हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. अख्खं घर, शिकलेली माणसं, कपाटाला कुलूप लावून बसलो होतो. आणि कोकमाची बरणी उघड्यावर, खिडकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ती आमच्यापैकी कोणालाही गोड म्हणून दिसलीच नव्हती. डॉक्टरांनी “आणखी काही औषध चालू आहे?” विचारलं तरी आम्ही गोळ्यांचीच नावं सांगितली, कारण डॉक्टरांना सांगण्याइतकं औषध आम्ही कोकमाला मानत नव्हतो. कोकम म्हणजे कोकम.

“म्हणजे तुझो घोव खरो बोललो,” सासरे माझ्या नवऱ्याबद्दल म्हणाले.

“असं कसं, बाबा? तुमी काय चोरून खाऊक नाय.” त्यांच्याशी बोलताना माझीही मालवणी आपोआप सुरू होते.

“डॉक्टरान इचारल्यान, मी नाय म्हटलंय. मगे ता खोटाच झाला मां?”

मी परोपरीनं समजावलं. ज्याला ठाऊकच नाही तो खोटं कसा बोलेल? पण हा माणूस असल्या बाबतीत स्वतःला सूट देणारा नव्हता. ते उठले आणि काठी घेऊन घरासमोरच्या खळ्यात गेले. माझा नवरा तिथे फवारणीचं मशिन उघडून बसला होता. त्याच्या पुढ्यात उभे राहून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, ते त्याच्याशी बोलले.

“झिला, मी गोड खायत होतंय. रोज. माका समजूक नाय.”

नवरा पाना हातात धरून बघत राहिला. “काय खायत होतात?”

“कोकम.”

“ता खंयचा गोड, बाबा?” नवरा म्हणाला. “ता औषध!”

ज्या माणसानं माझ्या चहाच्या साखरेला कुलूप घातलं, तोच दर मे महिन्यात कोकमासाठी साखरेची पोती रिक्षातून उतरवून घ्यायचा. हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. कपाटाची किल्लीही मागून घेतली. तो खाली बघून मशिन पुसत राहिला. वडिलांची माफी मागायची, हे त्याला कळत होतं. कशी मागतात, ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून सासऱ्यांना पित्तावर साधं आगळ सुरू केलं, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, साखरेचा कणही नसलेला. पहिल्या घोटाला त्यांनी असं तोंड केलं की मला दया आली, पण पेला संपवला. डॉक्टरांना सांगितलं तर ते कपाळावर हात मारून म्हणाले की मीही दुपारी तेच पितो, माझ्याही डोक्यात आलं नसतं. साखर हळूहळू उतरली. गणपती झाल्यावर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं.

डोळ्यात थेंब घालायचे होते, दिवसातून कितीतरी वेळा. मी ड्रॉपर हातात घेतला तेव्हा नवरा पुढे झाला आणि त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला. मी दिला. त्यानंतर बागेतलं काम टाकून तो वेळेवर घरी यायचा, साबणानं हात धुवायचा, वडिलांची मान मागे करून पापणी बोटानं धरायचा. बोलणं काहीच नाही. पण तेवढा वेळ दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर असायचे.

एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. थेंब घालून झाला, नवरा उठायला लागला, तर सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. बघूंदे.” ते नव्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत राहिले. “किती सुकलंस रे तू. तोंड बघ कसा झाला तुझा.”

“बागेत काम असता, बाबा.”

“काम माका सांगू नको. तुझी शुगर तपासलंस काय कधी?”

त्यानं कधीच तपासली नव्हती. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्याच्या पट्ट्याला नवं भोक मीच पाडून दिलं होतं. रात्री तो पाणी प्यायला उठायचा तेव्हा उकाडा असेल म्हणून मी पंखा वाढवायचे. मी रोज या माणसासमोर बसून जेवते.

“उद्या सकाळी जावया,” सासरे म्हणाले. “चाय घेव नको. उपाशी पोटान जावचा लागता. मी येतंय वांगडा.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर रिक्षा आली. दोघेही चहा न घेता निघाले, शेजारी शेजारी बसले. सासऱ्यांचं त्या दिवशी काहीच तपासायचं नव्हतं. ते नुसते मुलाबरोबर उपाशी गेले.