बाहुलीच्या झग्यासारखा शर्ट

मंडळी, आज सोनगीरला पुतणीच्या हळदीत जे पाहिलं, ते अजून खरं वाटत नाही.

माझ्या लेकीला तिच्या बाहुलीसारखाच गुलाबी फुलांचा झगा हवा होता. नवा परवडेना, म्हणून मी माझी तशीच जुनी साडी कापली. झगा झाल्यावर लेक म्हणाली, "आता पप्पांना पण!" यांनी त्याच साडीतल्या शर्टासाठी माप दिलं.

मांडवात यांचा गुलाबी फुलांचा शर्ट पाहून सगळे हसले. दीर अहिराणीत म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?"

"मनी पोरना हट्ट शे," माझ्या पोरीचा हट्ट आहे, म्हणत हे ताठ उभे राहिले.

तेवढ्यात आबा, माझे कडक सासरे, जवळ आले. मी घाबरले. त्यांनी शर्टाचं कापड चाचपलं आणि मला हळूच विचारलं, "मनी टोपीपुरतं कापड शे का अजून?"

आता टोपी कशी बेततात, कुणी सांगाल का?