तोंड सरूबाईचं, आवाज भलतीचा

वर्सोव्याच्या मासळीबाजारात सरूबाईकडे बोंबील घ्यायला गेलं की सिनेमाचं परीक्षण फुकट मिळतं. नको असलं तरी मिळतं. बोंबलाचं डोकं उडवता उडवता ती एखाद्या दिग्दर्शकाचंही उडवते, आणि तिच्या हातात कोयता असल्यामुळे रांगेतलं कुणी मध्ये बोलत नाही.

सरूबाईचं सिनेमाशिक्षण सुनेच्या फोनवर झालं. दुपारची जेवणं आटोपली की निशा फोन डब्याला टेकवून लावते. मल्याळी, तमिळ, कन्नड, मध्येच एखादा बंगाली. खालच्या इंग्रजी ओळी निशा वाचते आणि सासूला कोळीवाड्याच्या भाषेत सांगते. निम्मं सांगायच्या आत सासूला कळलेलं असतं, कारण तिची कसोटी एकच: पडद्यावरच्या माणसाला त्याचा धंदा येतो का?

परवा एका मल्याळी सिनेमात एक बाई मासा कापत होती. दोन मिनिटं काही बोलली नाही, नुसता मासा कापला. त्या दोन मिनिटांवर सरूबाई माझ्याशी पंधरा मिनिटं बोलली.

"तिनं कल्ला असा आतून काढला. असा! नखाला लागला नाय. त्या बाईचा नवरा मेलाय, पन हात चुकत नाय. आगोदर शिकली आसनार, मंग रडली. आपल्याकडं आगोदर रडतान."

तमिळ सिनेमातला नायक एका बोटीवर वीस माणसांना लोळवतो, त्यालाही तिने माफ केलं. का, तर बोट धक्क्याला नीट बांधलेली होती. "मारामारी खोटी आसू दे. दोरी खरी व्हती."

मराठी सिनेमाचं नाव निघालं की मात्र कोयत्याचा आवाज बदलतो.

"आपला पिच्चर बगतंय, त सगली मानसा व्हरांड्यात बसून कॉफी पितान. कामाला कोन जातंय? घरात तीन जना, तिगं बी दुखी. आरे, भांडी कोन घासतंय? नाय त मंग दुसरे तलवारीचे पिच्चर, त्यात समदे वरडतान. घोरा बी वरडतंय! आन लावतान कवा? मंगलवारी सकाली आकराला. त्या टायमाला मी हितं, तुमी हापिसात. मंग तेच बोलतान, मराठी मानूस पिच्चर बगत नाय!"

यातलं एक वाक्य खोडून काढायची माझी टाप नाही. एक तर ते सगळं खरं आहे, आणि दुसरं, माझे बोंबील तिच्याकडे असतात.

तर अशा या सरूबाईला गेल्या फेब्रुवारीत एका मराठी सिनेमात काम मिळालं. त्या सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. लिहायचं तर सरूबाई त्याच्या आधी जे विशेषण लावते तेही लिहावं लागेल.

कोळीवाड्यात शूटिंग आलं होतं. नायक पंधरा वर्षांनी लंडनहून गावी परततो आणि बाजारातली एक कोळीण त्याला पहिल्यांदा बघते, एवढाच प्रसंग. कृणाल नावाचा एक सहायक दिग्दर्शक, मुलुंडचा, चांगल्या घरचा, कोळीण शोधत बाजारात फिरत होता. त्याला सरूबाई सापडली, हे त्याला वाटतं. सरूबाई म्हणते, मासे घेतल्याशिवाय चालला होता म्हणून मी हाक मारली.

शूटिंगला त्यांनी स्वतःची मासळी आणली होती. ताजी दिसावी म्हणून तिला तेल लावलेलं. सरूबाईने ती पाटी पायाने बाजूला सारली आणि स्वतःची आणली. मग कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं गेलं: "अगो बाई, साहेब, तुम्ही वाट चुकलात की काय?"

"आसा कोन बोलतंय?" सरूबाईने विचारलं.

"मावशी, कोळी लोक बोलतात ना असं," दिग्दर्शक म्हणाला.

"मी नाय बोलत."

"बरं, तुमच्या पद्धतीने बोला. फक्त थोडं अजून कोळी करा ना."

"सोला पिढ्या कोलीच हाव रं आमी. आजून कवरं होऊ?"

शेवटी तिने तेच म्हटलं जे कोळीवाड्यात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी तोंडाला म्हटलं जातं. नायकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोनाचा रं तू? नाक त तुज्या आयशीचा हाय!"

एका टेकमध्ये झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृणाल म्हणाला, "मावशी, पिक्चरचा जीव आहे तुमचा आवाज." हे वाक्य त्याने म्हणायला नको होतं, कारण सरूबाईने ते घरी जाऊन जसंच्या तसं रामचंद्र नाखवांना सांगितलं.

रामचंद्र नाखवा म्हणजे सरूबाईचे यजमान. चाळीस वर्षं बोट चालवली. चार वर्षांपूर्वी साखरेने दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून ते धक्क्यावर बसतात आणि येणारी प्रत्येक बोट इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात. सिनेमाही ऐकतात. एका सिनेमात वादळात सापडलेल्या बोटीवर सगळे रडत होते तेव्हा म्हणाले, "हं, बोट धक्क्यालाच हाय. इंजिनावर जोर नाय." आपली बायको सिनेमात बोलणार म्हटल्यावर त्यांनी पाच महिने शेजारपाजारच्या प्रत्येकाला सांगितलं. "बगनारे बगतील. मना आयकायचा हाय."

सिनेमा लागला. अंधेरीत एका थेटरात, दिवसाला एकच खेळ, दुपारी बारा चाळीसचा. शुक्रवारी सरूबाईने चक्क धंदा बंद ठेवला. कोळीवाड्यातली चौदा माणसं, आम्ही तिघं जुनी गिऱ्हाइकं, आणि कोपऱ्यात सिनेमाशी फारसं देणंघेणं नसलेलं एक जोडपं. नाखवांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. निशाने त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. "दोनी बाजूचा आवाज सारका येल, बाबा."

विसाव्या मिनिटाला बाजार आला. पाटी आली. पडदाभर सरूबाई आली. आमच्या रांगेतून शिट्टी गेली. सरूबाईने नायकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोंड उघडलं, आणि आतून भलतीच बाई बोलली.

बारीक, लाडिक, झोके घेणारा आवाज. "अगो बाई, साहेब, तुम्ही वाट चुकलात की काय?" कागदावरचं तेच वाक्य. ओठ वेगळं बोलत होते. मागे बोटी नाहीत, बाजार नाही, नुसती बासरी.

शिट्टी मारणारा गप्प झाला. निशाने कपाळाला हात लावला.  

प्रसंग संपला. नायक घरी गेला. नाखवा मान तिरकी करून, कानामागे हात धरून तसेच बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सरू, तुजा कवा येतंय?"



"गेला," सरूबाई म्हणाली.

"गेला? मंग मी आयकला कसा नाय?"

मी सरूबाईला बाजारात पुष्कळदा चिडलेली पाहिली आहे. पापलेटाचे डोळे दाबून बघणाऱ्या बाईवर, बर्फवाल्यावर, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर. पण ते सगळे लहान राग होते. ती उठली. पडद्यावर नायक आईच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभा होता आणि संगीतसुद्धा आदराने थांबलं होतं. त्या शांततेत सरूबाईने, चार बोटींच्या इंजिनांवरून पलीकडे पोचणाऱ्या आवाजात, विचारलं:

"कोनाचा रं तू? नाक त तुज्या आयशीचा हाय!"

कोपऱ्यातल्या जोडप्याने पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. संबंध सिनेमात तेवढा एकच संवाद प्रसंगाला शोभला.

"हां," नाखवा म्हणाले आणि खुर्चीला टेकले. "आता आला."

बॅटरी घेऊन थेटरचा माणूस धावत आला. "मॅडम, प्लीज, आवाज नको."

"नको ना? तुमचा पिच्चर बी त्येच बोल्ला!"

मध्यंतराची वाट न बघता ती नाखवांचा हात धरून निघाली. मागोमाग आम्ही सगळे. पॉपकॉर्नवाल्याला वाटलं, आग लागली.

रविवारी सकाळी कृणाल बाजारात आला. मान खाली, हातात फोन. रांगेत आम्ही सहा जण होतो. सगळ्यांनी आपापली घाई रद्द केली.

"मावशी, सॉरी. मी खूप भांडलो. सर म्हणाले, मागे बोटींचा आवाज येतोय."

"बंदरात कनचा आवाज येल? पेटीचा?"

"आणि म्हणाले... तुमचा आवाज लोकांना खरा वाटणार नाही."

सरूबाईचा कोयता वरच राहिला. एवढा मोठा अन्याय एवढ्या सभ्यपणे सांगितलेला तिने कधी ऐकला नसावा. "माजाच आवाज खोटा? चालीस वर्सं ह्या आवाजावर घर उबा हाय, आन त्यो त्याना खोटा?"

कृणालने घाईघाईने फोन पुढे केला. शूटिंगच्या दिवशीचा मूळ आवाज त्याने जपून आणला होता. पाटीमागे स्टुलावर बसलेल्या नाखवांच्या कानाला त्याने तो लावला. नाखवांनी ऐकलं. परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. चेहरा असा उजळला, की सरूबाईने दुसरीकडे पाहिलं.

"बेस," ते म्हणाले. "आन मागं माणिकची बोट हाय. तिचा पंप तवाच बिगरलेला, आयक! मी त्याला फेब्रुवारीतच बोल्लेलो."

"बगा!" सरूबाई रांगेकडे वळली. "मी, माणिकची बोट, त्याचा पंप, समदा खरा व्हता. त्यानी समदा पुसला आन बासरी घातली!"

कृणालने फोनमधला तो तुकडा निशाच्या फोनवर पाठवला. मग चाचरत म्हणाला, "मावशी, अर्धा किलो बोंबील द्याल?"

सरूबाईने बोंबील तोलले आणि न कापता त्याच्यापुढे ठेवले. रांगेत कुणीतरी श्वास आत घेतला. गेल्या चाळीस वर्षांत या पाटीवरून गिऱ्हाइकाला न कापलेला मासा गेलेला नाही.

"सरू, कापून दे पोराला," नाखवा म्हणाले.

"नाय." तिने ओंडका पुढे सरकवला आणि कोयत्याची मूठ त्याच्याकडे केली. "बस हितं. उंद्या तू डिरेक्टर होशील."

मुलुंडचा तो चांगल्या घरचा मुलगा पँट सावरून खाली बसला. पहिला बोंबील हातातून निसटून माझ्या चपलेवर पडला. दुसऱ्याचा लगदा झाला. तिसऱ्याला सरूबाईने त्याचं मनगट धरलं आणि शब्द न बोलता कोयता फिरवला. डोकं बाजूला, पोट साफ, मासा अखंड. मग हात सोडला. चौथा त्याने एकट्याने केला. वेडावाकडा, पण मासा म्हणून ओळखू येणारा. त्याच्या बोटातून रक्त येत होतं आणि डोळ्यांत पाणी.

सरूबाईने तो मासा उलटासुलटा करून पाहिला आणि पिशवीत टाकला.

"हां," ती म्हणाली. "आता रड."