काकांना न पटलेली विद्यापीठं

जामखेडला आमच्या शेजारचे काका रोज संध्याकाळी माझ्याकडून बीपी बघून घेतात. बाही वर सारत विचारतात, "डॉक्टरीनबाई, पीएचडीचं कुठं ठरतंय?" मी विद्यापीठाचं नाव घेतलं, की मुलीला आलेल्या स्थळात काढावी तशी खोट काढतात. "नागपूरला ऊन लई. पुण्यात माणूस माणसाला इचारत न्हाई. दिल्लीची थंडी तुमाला सोसायची न्हाई." मला हसू येतं, कधी रागही.

काल मी सांगून टाकलं, "काका, दिल्ली नक्की केली. माझ्या विषयाचे गाईड तिथंच आहेत." बाही खाली सारून ते उठून गेले.

आज बीपीचं नवं मशीन घेऊन आले. खोकं माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "हे कसं लावायचं तेवढं शिकवा. मंग निवांत जावा."